अंगण, ओटी, माजघर: वाळवंटी शहरांतली माणसं कशी असतात?

परवा संध्याकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा वाडीतला एक मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून घरी आला. आयटीआय झालंय, एसी दुरुस्तीचं काम येतं, दोन वर्षं चिपळूणच्या एका दुकानात राबून हात बसलाय. त्याच्याकडे दोन ऑफर होत्या, एक कुवेतची आणि एक मस्कतची. पगारात फारसा फरक नाही. ओटीवर टेकता टेकताच त्याने विचारलं, "काका, माणसं कुठली बरी? सगळे म्हणतात कुवेतवाले तुसडे, ओमानवाले मायाळू. खरं काय?"

मी दोन वर्षं कुवेतला आणि अकरा वर्षं मस्कतला काढली. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या आपल्या पट्ट्यात आखातात कोणीच गेलेलं नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच. आजवर मी त्याचं उत्तर एका वाक्यात देत आलो. या वेळी मात्र त्या मुलाचा चेहरा बघून वाटलं, नीट सांगायला हवं. त्याला सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने लिहितोय.

"माणसं चांगली आहेत" असं म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो. आपलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. आधी अंगण, मग ओटी, मग माजघर. अंगणात कोणीही येतं. पोस्टमन येतो, मासे घेऊन मावशी येते, रस्ता चुकलेला गाडीवाला येतो. त्यांच्याशी नीट बोलणं, वाट दाखवणं, हे सौजन्य. ओटीवर पाहुणा बसतो. त्याच्यापुढे गूळ-पाणी येतं, चहा येतो, "जेवूनच जा" म्हणून आग्रह होतो. हे अगत्य. माजघरात शिरणाऱ्याला मात्र कोणी "या" म्हणत नाही. तोच "काय रांधलंय गो?" म्हणत सरळ आत येतो. ती आपुलकी. हे तीन शब्द आपल्या भाषेत वेगळे आहेत ते उगाच नाहीत.

शहरांचंही असंच असतं. एखाद्या शहराचं अंगण ऐसपैस असतं पण ओटी सापडत नाही. एखाद्याची ओटी राजेशाही, पण तिथवर पोचायला कोणीतरी हात धरून न्यावं लागतं. आणि माजघर तर जगात कुठेच पटकन उघडत नाही, आपल्या कोकणातही नाही.

आता वाळवंटाकडे येऊ. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश ढोबळमानाने वाळवंट. दापोलीला जुलैतल्या दोन-तीन झडीच्या दिवसांत तेवढा पडून जातो. जिथे पुढची विहीर दोन दिवसांच्या वाटेवर आहे, तिथे दारात आलेल्याला पाणी नाकारणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. म्हणून अरबस्तानच्या टोळ्यांमध्ये पाहुण्याचा नियम कडक झाला. ओळख असो नसो, तीन दिवस त्याला खाऊ-पिऊ घालायचं, तो आपल्या आसऱ्याला आहे तोवर त्याचं रक्षण करायचं. यात माया होती, तसा व्यवहारही होता. आज तो माझ्या तंबूत आला, उद्या मी वाट चुकलो तर त्याच्या तंबूत जाणार. वाळवंटातला हा विमाच होता, फक्त हप्ता कॉफी आणि खजुराच्या रूपात भरायचा. युनेस्कोने २०१५ साली अरबी कॉफीची परंपरा औदार्याचं प्रतीक म्हणून आपल्या वारसा यादीत घेतली, तिच्या मुळाशी हेच आहे.

ती कॉफी कशी देतात ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कप म्हणजे फिंजान, आपल्या देवघरातल्या वाटीएवढा, त्याला कान नसतो. यजमान डाव्या हातात किटली धरतो आणि उजव्या हाताने कप पुढे करतो. कप काठोकाठ भरत नाहीत, तळाशी जेमतेम दोन-तीन घोट असतात. पहिल्यांदा मला वाटलं, हात आखडता घेतायत. पण कप रिकामा झाला की लगेच पुन्हा ओततात, पुन्हा रिकामा झाला की पुन्हा. थोडं थोडं ओतायचं म्हणजे यजमान तुमच्यापासून हलत नाही, त्याचं लक्ष तुमच्याकडेच राहतं. पुरे झालं की कप बोटांत धरून हलकेच हलवायचा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. नऊ कप प्यायलो, तेव्हा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने हसून माझं मनगट धरलं आणि कप कसा हलवायचा ते दाखवलं.

पण हा नियम आहे पाहुण्याचा. कामगार पाहुणा नसतो. गोष्ट इथे गुंतागुंतीची होते आणि आपल्या मुलांना कळायला हवी ती हीच.

पाहुणा तीन दिवसांनी जातो. कामगार वर्षानुवर्षं राहतो, पण कायमचा होत नाही. आखातात परदेशी कामगाराचं राहणं बहुधा एका स्थानिक मालकाच्या किंवा कंपनीच्या नावावर चालत आलं. त्याला कफाला पद्धत म्हणतात, आणि आपली माणसं त्या मालकाला कफील किंवा अरबाब म्हणतात. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्यामुळे, नोकरी बदलायची तर परवानगी त्याची. ज्या माणसाच्या सहीवर तुमचं राहणं टांगलेलं आहे, त्याच्याशी मैत्री करायची म्हटली तरी दोन्हीकडून ती अवघडच होते. माझ्या खोलीतला एक जण सांगायचा, "अरबाब फार चांगला आहे रे, पण तो हसला तरी मला आधी भीती वाटते, आता काय सांगणार म्हणून." यात त्या अरबाबचा स्वभाव वाईट नव्हता. दोघांच्या मध्ये कागद होता. ओमानने जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर नोकरी बदलायला जुन्या मालकाचा ना-हरकत दाखला लागण्याची अट काढली. कतारनेही २०२० साली तशी सुधारणा केली. असे बदल वरवर कोरडे सरकारी वाटतात, पण माणसं एकमेकांशी किती मोकळेपणाने बोलतात हे ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

दुसरं कारण आकड्यांचं. संयुक्त अरब अमिरातीत दहातले जवळपास नऊ जण परदेशी आहेत. कुवेतमध्ये साधारण दोन-तृतीयांश. ओमानमध्ये दहात चारच्या आसपास. आता सांगा, दुबईहून आलेला कोणी म्हणाला "दुबईची माणसं फार हसतमुख", तर तो कोणाबद्दल बोलतोय? काउंटरवरची मुलगी फिलिपिन्सची, हॉटेलवाला केरळचा, टॅक्सीवाला पेशावरकडचा. तो ज्यांना दुबईकर म्हणतोय त्यांतले बहुतेक जण त्याच्यासारखेच पोटासाठी आलेले. स्थानिक माणसाशी दोन वाक्यं बोलायची संधीसुद्धा त्याला महिना-महिना मिळाली नसेल.

मस्कतमध्ये ही संधी रोज मिळते आणि त्यामागे एक अगदी साधं कारण आहे. तिथे टॅक्सी चालवायचं काम ओमानी नागरिकांसाठी राखीव आहे. मी मस्कतच्या रुवी भागात राहायचो, कामाला मत्रा भागात जायचो. रुवीहून पांढऱ्या-नारिंगी शेअर टॅक्सीत बसायचं, अगदी आपल्याकडच्या वडापसारखं. मागच्या सीटवर तिघं खांद्याला खांदा लावून, त्यात एक ओमानी म्हातारा भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. पुढे ड्रायव्हर, डोक्यावर नक्षीची गोल टोपी. वीस मिनिटांत तो तुम्हाला गाव विचारणार, मुलं किती विचारणार, पाऊस कसा आहे तेही विचारणार. माझं अरबी मोडकं, त्याचं हिंदी मोडकं, पण काम चालायचं. ओमानमध्ये बँकेत, दुकानात, पेट्रोल पंपावर, बाजारात स्थानिक माणूस भेटतो. शिवाय ओमानी लोक पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. झांझिबारवर त्यांचं राज्य होतं, आज पाकिस्तानात असलेलं ग्वादर बंदर १९५८ पर्यंत त्यांच्याकडे होतं, मत्रातल्या काही व्यापारी घरांची मुळं सिंध-कच्छकडची. परक्या भाषेतला माणूस त्यांच्या गल्लीत नवा नाही.

कुवेतमध्ये बहुतेक नागरिक सरकारी नोकरीत. एसी मेकॅनिकला, हिशेबनीसाला, ड्रायव्हरला तो भेटणार कुठे? भेटला तर साहेब म्हणून, किंवा काउंटरच्या पलीकडे. राहायच्या जागाही वेगळ्या. आम्ही जलीब नावाच्या कामगारांच्या वस्तीत एका खोलीत सहा जण होतो. तिथे रस्त्यावर मल्याळी, तेलुगू, बंगाली, मिसरी (म्हणजे इजिप्तची बोली) सगळं ऐकू यायचं, कुवेती बोली जवळजवळ नाहीच. पहिल्या दीड वर्षात मी एकाही कुवेती घराचा उंबरा पाहिला नाही. तेव्हा मीही घरी पत्रात लिहिलं होतं, "इथली माणसं तुसडी आहेत."

मग रमजान आला. आमच्या ऑफिसचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांसाठी खेटे घालणारा, साठीचा माणूस होता. वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोललेला. एका रात्री म्हणाला, "चल." त्याने मला आपल्या दिवाणियात नेलं. दिवाणिया म्हणजे कुवेती घराला लागूनची बैठकीची खोली. भिंतीला टेकून चारी बाजूंनी गाद्या, रात्री पुरुषमंडळी जमतात, राजकारणापासून मासळीच्या भावापर्यंत सगळं निघतं. मी दारात चपला काढल्या, आणि आतून एक अगदी वृद्ध गृहस्थ स्वच्छ हिंदीत म्हणाले, "आओ, बैठो, बंबई से हो?" तरुणपणी ते वडिलांबरोबर मुंबईत राहिले होते. मोत्यांचा आणि खजुराचा व्यापार मुंबईशी, गलबतांचं सागवान मलबारचं. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत आपला रुपयाच चालत होता. मी रत्नागिरी जिल्ह्यातला म्हटल्यावर त्यांनी आंबा केव्हा लागतो ते विचारलं. रात्री दीडपर्यंत मी तिथे होतो. ओटी होती, आणि आपल्या ओटीपेक्षा मोठी होती. फक्त रस्त्यावरून दिसत नव्हती, आणि तिकडे नेणारा माणूस भेटायला मला दीड वर्ष लागलं. परतीच्या वाटेवर घरी लिहिलेलं ते पत्र आठवून फार वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. अनेक आया-बहिणी घरकामाला आखातात जातात. त्या राहतात अक्षरशः माजघरात, पोरं वाढवतात, स्वयंपाक करतात, आणि तरी कित्येकींना सुटीचा दिवस किंवा स्वतःचा फोन नीट मिळत नाही. कामगार कायद्यांनी त्यांना फार काळ बाहेरच ठेवलं होतं. कुवेतने घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला तो २०१५ साली. माणूस कुठवर आत आला यावर आपुलकी मोजता येत नाही. त्याला तिथून स्वतःच्या इच्छेने निघता येतं का, हेही बघावं लागतं. यजमानाच्या स्वभावावर सगळं सोडलं की असं होतं.

अभ्यासक हे मोजायचा प्रयत्न करतात तेव्हा बहुधा अंगणच मोजतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत रस्त्यावर साधे प्रयोग केले. चालता चालता खिशातलं पेन "नकळत" पाडायचं आणि कोणी हाक मारून देतं का बघायचं. पायाला पट्टा बांधून लंगडत जायचं आणि हातातली मासिकं पाडायची. अंध माणूस म्हणून सिग्नलला उभं राहायचं. रिओ दि जानेरो पहिलं आलं, क्वालालंपूर शेवटचं, न्यूयॉर्क त्याच्या जरा वर. आपलं कोलकाता चांगलं वरच्या क्रमांकांत होतं. आखाती शहर त्या यादीत एकही नव्हतं. अमेरिकेतल्या शहरांवरच्या त्यांच्या आधीच्या अभ्यासात दिसलं की माणसांची दाटी जितकी जास्त, तितकी अनोळख्याला मदत कमी. स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७० सालीच याचं कारण मांडलं होतं. गर्दीच्या शहरात डोळ्यांवर आणि कानांवर इतकं येऊन आदळतं की माणूस बहुतेक गोष्टी गाळायला शिकतो. त्याला निर्दय म्हणणं बरोबर नाही. दादर स्टेशनवर सकाळी नऊला तुम्हीआम्हीही तसेच चालतो.

मग उन्हाचं काय? उन्हानं माणूस चिडतो हे खरं, आणि त्याचा एक प्रयोग नेमका वाळवंटी शहरात झालाय. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये संशोधकांनी उन्हाळ्यात सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम उभीच ठेवली आणि मागचे किती हॉर्न मारतात ते मोजलं. १९८६ साली तो अभ्यास छापून आला. पारा जसा वर जाई तसे हॉर्न वाढत. ज्यांच्या काचा खाली होत्या, म्हणजे गाडीत एसी चालू नव्हता, त्यांच्यात हे जास्त ठळक होतं. तापटपणा शहराच्या रक्तात आहे म्हणायचं, तर काच वर केल्यावर तो निवतो कसा?

पण काच वर केली की दुसरी अडचण येते. फिनिक्सची वस्ती १९५० मध्ये सुमारे १ लाख ७ हजार होती, २०२० मध्ये १६ लाखांवर गेली. एवढी माणसं त्या उन्हात राहू शकली ती एसी आणि मोटारीच्या जोरावर. माझा मामेभाऊ तिथे आहे. तो सांगतो, घरातून गॅरेजमध्ये जायचं, गाडीत बसायचं, बटण दाबून दार उघडायचं आणि थेट ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरायचं. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. त्या महिन्यात शेजारी दिसलाच नाही म्हणतो. दुकानात मात्र अनोळखी माणूसही हसून "कसे आहात" विचारतो, दार धरून ठेवतो, तुमच्या शर्टाचं कौतुक करतो. अंगण मोठं, सारवलेलं, स्वच्छ. नवीन गेलेल्या आपल्या माणसाला वाटतं मैत्री झाली, आणि मग सहा महिने कोणी घरी बोलावलं नाही की मन खट्टू होतं. "कसे आहात" हा तिथे रामरामसारखा आहे, त्याला उत्तराची अपेक्षा नसते, एवढं आधी कळलं तर पुष्कळ मनस्ताप वाचतो. लास व्हेगासमध्ये तर हसणं हा पगाराचाच भाग. टिपवर घर चालणारा माणूस दमलेला असला तरी हसतो. त्या हसण्याला खोटं म्हणू नये, ते कष्टाचं काम आहे.

आपल्या देशातलं वाळवंट पाहायला आम्ही दोघं जैसलमेरला गेलो होतो. शहरात पर्यटकाशी जे गोड बोलणं आहे ते बरंचसं धंद्याचं, आणि त्यात काही गैर नाही. गुहागरला-मुरुडला आपणही तसंच बोलतो. पण गावाबाहेर एका ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, पाणी मागितलं, तेव्हा म्हातारीने टांक्याचं झाकण काढून दोरीने डोलची सोडली, एक थेंब न सांडता लोटा भरला आणि आधी माझ्या बायकोला दिला. मग बाजरीची भाकरी घेच म्हणून हट्ट. तिकडे त्या आग्रहाला मनुहार म्हणतात. पावसाचं साठवलेलं पाणी वर्षभर पुरवणारी ती बाई. आमच्या वाडीत तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर येतो, तेव्हा मला तिची ती डोलची आठवते.

इंटरनेटवर शहरांच्या याद्या फिरतात त्यांबद्दलही त्या मुलाला सांगितलं. परदेशांत राहणाऱ्यांचे मोठे पाहणी अहवाल निघतात, त्यांत कुवेत अनेकदा शेवटच्या क्रमांकावर आलेलं आहे. अहवाल खोटे नाहीत. पण ती प्रश्नावली भरतो कोण? बहुतेक इंग्रजी वाचणारा, ऑफिसात बसणारा, स्वतंत्र फ्लॅटमध्ये राहणारा माणूस. कामगारांच्या कॅम्पमधल्या बंक बेडवर झोपणाऱ्याला ती लिंक कोणी पाठवत नाही. त्याचं शहर वेगळं असतं.

आणि एक शब्द त्याला शिकवला, कारण तो पहिल्या दिवसापासून ऐकणार आहे. सद्दीक. अरबीत त्याचा अर्थ मित्र. आखातात मात्र नाव माहीत नसलेल्या आपल्याकडच्या कामगाराला हाक मारायला तो वापरतात, "ए सद्दीक, इकडे ये." कधी त्यात गोडवा असतो, कधी नुसतं बोट दाखवणं असतं. मित्र हाच शब्द घासून घासून कामगार या अर्थाचा झाला. मला मस्कतमध्ये तीन वर्षं सगळे सद्दीकच म्हणायचे. मग रुवीच्या स्टँडवरच्या एका टॅक्सीवाल्याने एका सकाळी गाडी थांबवून माझं नाव घेतलं. उच्चार चुकीचा होता. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी तिथल्या पोरांना विचारू काय?"

मी म्हटलं, राहायला शहरात देणार की बाहेर कॅम्पात, ते विचार. करार संपल्यावर नोकरी बदलता येते का, पासपोर्ट कोणाकडे राहतो, ते विचार. आणि एवढं विचार, की तिथे तुला नावाने हाक मारणारी माणसं किती.

त्याचा वर्गमित्र कुवेतला आहे. मुलाने आमच्या ओटीवरूनच त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. इकडचं-तिकडचं झालं, पगार, जेवण झालं. मग त्याने तो प्रश्न विचारला. पलीकडे थोडा वेळ नुसता एसीचा आवाज येत राहिला.

"थांब हां," तो म्हणाला. "खोलीतले तिघं. बकाल्यातला, वाणसामानाच्या दुकानातला, मिसरी चाचा. चार झाले." पुन्हा जरा थांबला. "आणि इस्त्रीवाला. हां, तो पण घेतो नाव. पाच."